हात कुठे ठेवू?

विक्रोळीत थंडी पडत नाही असं म्हणणारे लोक विक्रोळीत राहत नाहीत. आमच्या कंपनीने बॉयलरला नवं धुराडं बसवलं त्या साली डिसेंबरात अशी थंडी पडली होती, की खाडीतल्या निवट्या, ते चिखलात सरपटणारे बोटभर मासे, चिखल सोडून वर आल्या आणि बॉयलर रूमच्या भिंतीला ओळीने चिकटून बसल्या. मी स्वतः मोजल्या. एकशे बेचाळीस. दुपारच्या सुट्टीत त्यातल्या निम्म्या कोणीतरी कालवणाला नेल्या, म्हणून नंतरच्या मोजणीत फरक पडतो. तो माझा दोष नाही.

आता कन्नमवार नगरातल्या आमच्या इमारतीत थंडीवर विश्वास असलेली माणसं तीनच. एक मी, मार्तंड, वय अठ्ठ्याहत्तर, तळमजला. बाकीची दोन म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचं जोडपं, देवव्रत आणि उत्तरा.

देवव्रत पवईच्या ऑफिसात विम्याचे दावे तपासतो. दिवसभर चेपलेल्या गाड्यांचे फोटो बघतो आणि ठरवतो, की ही गाडी खरंच आपटली की मालकाने घण घातला. दिवसभर असले फोटो बघून माणसाला चेहऱ्यांची भूक लागणारच. उत्तरा घाटकोपरच्या एका लॅबमध्ये रक्त काढते. सकाळी सातची पाळी, रविवार सुट्टी. दिवसाला साठ-सत्तर दंड तिच्या हातून जातात. घरी आली की तिचे हात रिकामे बसत नाहीत, म्हणून ती विणते. मुंबईत राहून स्वेटर विणणारी बाई म्हणजे राजस्थानात होड्या बांधणारा सुतार. पण तिचा स्वेटर अंगात घातल्याशिवाय हे बोलू नये. मला तिने विणला तो घालून मी पहिल्या दिवशी दूध आणायला गेलो. घरी येईपर्यंत पिशवीतल्या दुधावर साय धरली होती.

तर या दोघांचं काम असं. उत्तरा इमारतीतला एक माणूस निवडायची. टेप लावायची नाही, माप विचारायची नाही. जिन्यात, गच्चीवर, भाजीवाल्यापाशी त्याला नुसती बघायची आणि दीड-दोन महिन्यांत त्याच्यासाठी एक स्वेटर विणायची. मग देवव्रत थंडीची वाट बघायचा. गच्चीवर टाकीच्या सावलीत त्याने थर्मामीटर बांधलाय. पारा सतराच्या खाली गेला आणि तो दिवस रविवार असला, तरच फोटो. इमारतीमागे मोकळं मैदान आहे, त्याच्या पलीकडे तिवरं. तिथे एक साधी लाकडी खुर्ची मांडायची, माणसाने आपला स्वेटर घालून बसायचं, आणि सात ते सात चाळीस एवढ्याच उजेडात देवव्रत फोटो काढायचा. उजेड चेहऱ्यावर वळवायला मी थर्मोकोलचा पांढरा पत्रा धरून उभा. मला हे काम जमतं. बॉयलरपुढे तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाला न हलता उभं राहणं शिकवावं लागत नाही.

"सतराच का रे?" मी त्याला एकदा विचारलं होतं.

"काका, सतराच्या खाली गेलं की मुंबईचा माणूस अंग चोरतो. अंग चोरलं की चेहरा उघडा पडतो."

थंडीचे रविवार वर्षाला तीन, फार तर चार. त्यामुळे तीन हिवाळ्यांत अकरा माणसं झाली होती. बारावे नंदकिशोर सर, पहिल्या मजल्यावरचे, गणिताच्या शिकवण्या घेणारे. त्यांच्या स्वेटरची पाठ आणि एक पुढचा भाग विणून उत्तराच्या पिशवीत तयार होता.

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी श्रुतिका नावाची बाई आली. मुलुंडला तिचं चित्रांच्या प्रदर्शनाचं दालन आहे. उत्तरा लॅबमध्ये होती. मी चहाला वर गेलो होतो. चहा तिथे बरा मिळतो.

देवव्रतने अकरा फोटो जमिनीवर मांडले. ती चप्पल काढून त्यांच्यामधून फिरली. प्रेमाच्या फोटोपाशी थांबली. प्रेमा दुसऱ्या मजल्यावरची, मालवणकडची, जिभेला हाड नसलेली बाई. फोटोत तिने दोन्ही बाह्यांचे काठ मुठीत धरलेत, शाळेच्या पहिल्या दिवशी पोरगी धरते तसे.

"देवव्रत, या मुठी! कसं काढून घेतलंत हे तुम्ही?"

"बसल्या, आणि झालं," देवव्रत म्हणाला.

मग कुंडलिकचा फोटो. कुंडलिक बसचा कंडक्टर होता, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. फोटोत त्याचा डावा हात कमरेशी असा विसावलाय, की पुढच्या क्षणी तो तिकीट फाडून देईल. मग माझा. मी कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलायच्या बेतात आहे आणि माझी बोटं पोटावरच्या एका बटणाशी खेळताहेत.

"हे काका म्हणजे कमाल आहेत. बघूनच कळतंय, आता थाप मारणार."

"मी थाप मारत नाही," मी म्हणालो. "एकदा मुलुंडच्या टेकडीवरून—"

"काका, एक मिनिट हं." ती देवव्रतकडे वळली. "फेब्रुवारीत माझ्याकडे एक भिंत आहे. बारा फोटो, फक्त तुमचे. पण एक गोष्ट. हे स्वेटर नकोत."

"म्हणजे?"

"लक्ष चेहऱ्यावरून स्वेटरवर जातं. आणि मुंबईत स्वेटर, सॉरी, नाटकाचे कपडे वाटतात. हीच माणसं, हीच खुर्ची, हाच उजेड, साध्या कपड्यांत परत काढा. चेहरे तुमच्याकडे आहेतच ना."

देवव्रतने लगेच हो म्हटलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. त्याने कपातला चहा संपवला, कप खाली ठेवला, आणि मग हो म्हटलं.

ती गेल्यावर तो माझ्याकडे बघेना. फोटो गोळा करत म्हणाला, "गुरुवारी पारा सोळावर येणार म्हणतायत."

"गुरुवारी उत्तरा लॅबला असते."

"हो."

"मग?"

"मग काय काका, तुम्ही पत्रा धरा. तिला मी सांगणार आहे. एकदा सगळं ठरू दे, मग सांगतो. आता सांगितलं तर उगाच तिला लागेल."

मी पत्रा धरायला हो म्हटलं. खोटं बोलण्यात आयुष्य गेलं असलं तरी मी आजवर खोट्या निवट्याच सांगितल्या होत्या, कोणाची बायको फसवली नव्हती. पण चहा त्याच्या घरचा प्यायलेला होता, आणि गप्प राहणं हे खोटं बोलणं नव्हे असं मला त्या वेळी वाटलं.

गुरुवारी पारा पावणेसोळावर आला. उत्तरा सव्वासहाला निघाली. देवव्रतने ऑफिसला डोकं दुखतं म्हणून कळवलं आणि पावणेसातला खुर्ची मैदानात आणली. पहिला नंबर प्रेमाचा. ती स्वेटर घालूनच उतरली होती.

"वहिनी, या वेळी स्वेटर नको. साध्या साडीवर काढायचाय."

"कित्याक? थंडी तर बरीच पडली हा."

"प्रदर्शनासाठी. त्यांना तसं हवंय."

प्रेमाने स्वेटर काढून माझ्या खांद्यावर टाकला आणि खुर्चीवर बसली. देवव्रतने डोळा कॅमेऱ्याला लावला. काही होईना. प्रेमाने आधी हात मांडीवर ठेवले, मग पदराखाली घेतले, मग उजवा हात बाहेर काढून डाव्याखाली लपवला. तिच्या उजव्या हातावर जुना भाजल्याचा डाग आहे, तेल उडालं होतं.

"देवव्रता, हात खंय ठेवू?"

"मागच्या वेळी होते तसेच ठेवा ना."

"मागच्या वेळाक माका ठेवूचे लागले नाय. बाह्यो लांब हत्यो, मी धरलंय."

देवव्रतने मान वर केली. मग पुन्हा खाली घातली. त्याने चार-पाच फोटो काढले. प्रेमा उठताना म्हणाली, "उत्तराक इचारलंस मां?"

तो लेन्स पुसायला लागला.

"ह्या काय बरा नाय हां," ती म्हणाली, माझ्या खांद्यावरून स्वेटर ओढून घेतला आणि गेली.

कुंडलिक बसला. नऊ वर्षांपूर्वी सुटलेल्या नोकरीचा माणूस, त्याचा डावा हात सवयीने कमरेशी गेला. तिथे काही नव्हतं. हात थोडा खाली गेला, मग मागे, मग परत पुढे. कुंडलिक समोर बघत होता आणि हात आपला बिचारा थांबा चुकलेल्या प्रवाशासारखा फिरत होता.

"कुंडलिककाका, हात स्थिर."

"मी कुठे हलवतोय? तो हलतोय."

"मागच्या वेळी कुठे होता?"

"खिशात. उत्तराने तिरका खिसा दिलाय ना, इथे, बॅग असायची तिथे." आणि तो शिंकला. एकदा शिंकून थांबेल तर तो कुंडलिक कसला. त्याच्या अकराव्या शिंकेला तिवरांतले बगळे उठून थेट ऐरोलीला उतरले. आपण विचारू शकता, तिथले लोक सांगतील.

मग पत्रा कुंडलिककडे देऊन मी बसलो. माझी बोटं पोटावर गेली. सदऱ्याचं बटण घट्ट, शिवणाऱ्याने जीव तोडून लावलेलं. बोटांना करायला काही नाही, आणि बोटांना काही नाही म्हटल्यावर मला सांगायलाही काही सुचेना. जन्मात पहिल्यांदा मी गप्प बसलो होतो.

"काका, बोला ना काहीतरी."

"काय बोलू?"

देवव्रतने कॅमेरा खाली केला आणि खुर्चीजवळ येऊन तो माझ्या सदऱ्याकडे बघत राहिला. सात पस्तीस झाले होते. "तुमच्या स्वेटरचं ते बटण," तो म्हणाला, "चौथं. ते सैल होतं ना?"

"लोंबत होतं. मी उत्तराला दोनदा सांगितलं, घट्ट कर म्हणून. ती म्हणाली, राहू दे."

त्याने ट्रायपॉड मिटला. एवढंच. बाकीच्या माणसांना त्याने वर निरोप पाठवला, आज नको.

संध्याकाळी मी स्वेटर घालून दारात बसलो होतो. उत्तरा लॅबमधून आली. जिन्याखाली तिने थर्मोकोलचा पत्रा बघितला.

"काका, पत्र्याला माती कशी? आज तर रविवार नाही."

"त्याचं असं झालं," मी सुरुवात केली, "सकाळी एक बगळा आला. साधा नाही, कोकणातून आलेला, थकलेला. त्याला टेकायला पांढरं काहीतरी हवं होतं. मला म्हणाला—"

उत्तरा माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. ती माझ्या पोटाकडे बघत होती. माझी बोटं चौथ्या बटणावर होती, आणि बटण गरागरा फिरत होतं.

"काका," ती म्हणाली, "बटण सोडा आणि मग सांगा."

मी बटण सोडलं. मग सांगावंच लागलं. श्रुतिका, भिंत, स्वेटर नकोत, गुरुवार, सगळं. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. रक्त काढताना लोक बडबडतात तेव्हा ती जशी ऐकत असेल, तशी ऐकत होती.

"चला वर," ती म्हणाली.

"मी कशाला?"

"पत्रा धरायला होतात ना? मग आता पण चला."

देवव्रत खुर्चीत बसला होता, सकाळचे फोटो लॅपटॉपवर उघडे. तिला बघून त्याने लॅपटॉप मिटला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

"मी सांगणार होतो," तो म्हणाला.

"कधी?"

"प्रदर्शन ठरल्यावर."

"म्हणजे स्वेटर काढून झाल्यावर."

"उत्तरा, तिला ते... सजावट वाटली. तिला काय माहीत?"

"तिचं सोड रे. तिला मी भेटलेय पण नाही. तुला काय वाटलं?"

मी पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता.

"दाखव," ती म्हणाली. तिने पिशवी खाली ठेवली आणि उभ्याउभ्याच फोटो बघितले. प्रेमा. कुंडलिक. मी.

"हे पासपोर्टचे आहेत."

"माहीत आहे."

"कुंडलिककाकांचा हात कुठे चाललाय?"

"शोधतोय."

"काय?"

"तुझा खिसा," देवव्रत म्हणाला.

उत्तराने त्याच्याकडे बघितलं. "हे तुला आज कळलं?"

"आज सकाळी."

"तीन वर्षं तुला काय वाटत होतं? ते हात तू ठेवलेस?"

"हो."

हा 'हो' फार प्रामाणिक होता. त्याने खोटं सांगितलं असतं तर भांडण झालं असतं, भांडी आपटली असती, आणि दुसऱ्या दिवशी संपलं असतं. पण प्रामाणिक उत्तराशी माणूस भांडणार कसा? तिने नंदकिशोर सरांच्या अर्ध्या स्वेटरची पिशवी उचलली आणि माळ्यावर टाकली.

"श्रुतिकाला काय सांगायचं ते तुझं तू बघ. माझं विणणं बंद."

"असं काय करतेस यार? सॉरी म्हणतोय ना."

"म्हणाला नाहीस अजून."

"सॉरी."

"ठीक आहे. आता एक काम कर. माझ्यासाठी एक स्वेटर विण. माप विचारायचं नाही, काय हवं ते विचारायचं नाही. माझ्याकडे बघून विणायचा. तो झाला की मी खुर्चीवर बसेन, तू फोटो काढ, आणि मग बघू पुढे आपलं दोघांचं काही काम आहे की नाही."

"मला विणता येत नाही."

"मला तरी कुठे येत होतं?"

दुसऱ्या दिवशी देवव्रतने श्रुतिकाला फोन केला. स्वेटर राहतील आणि फोटोंखाली दोन नावं राहतील, असं सांगितलं. ती सभ्यपणे म्हणाली, विचार करते. चार दिवसांनी तिने ती भिंत फ्लेमिंगोचे फोटो काढणाऱ्या एका माणसाला दिली. फ्लेमिंगो स्वेटर घालत नाहीत.

विणणं देवव्रतला प्रेमाने शिकवलं. प्रेमा असं सांगते. पण मूळ शिकवण माझी, कारण बॉयलर रूममध्ये असताना मी तांब्याच्या तारेचे मोजे विणले होते आणि ते अजून कंपनीत कुठल्यातरी पाइपाला घातलेले आहेत. ते असो. रोज संध्याकाळी देवव्रत सुया घेऊन दुसऱ्या मजल्यावर जायचा.

"सुलट, सुलट, उलट. अरे, तू सुई धरतंस की कोयतो?"

"वहिनी, सुटला."

"सुटतलोच. उसव. पयल्यापासून."

त्याची पहिली बाही मैदानातल्या विजेच्या खांबाला बरोब्बर बसली. दुसरी त्याने पाच वेळा उसवली. त्या जानेवारीत चौदा अंशांचा एक रविवार आला, दहा वर्षांत आला नव्हता असा. खुर्ची जिन्याखालीच होती. नंदकिशोर सर सकाळी सातला दाढी करून, केस विंचरून खाली आले, माझ्याजवळ दहा मिनिटं उभे राहिले आणि परत वर गेले. उत्तरा खिडकीत होती. तिने पडदा ओढला.

पण टाके ही देवव्रतची खरी अडचण नव्हती. मार्चपर्यंत त्याला टाके जमले. अडचण त्याने मला गच्चीवर सांगितली.

"काका, अकरा वर्षं झाली लग्नाला. तिचे हात कुठे असतात, मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"रिकामी असली की ती हातांचं काय करते? मी बघतोय दोन महिने. घरात ती रिकामी नसतेच. एक तर कणीक, एक तर मोबाइल. पूर्वी सुया असायच्या, त्या आता बंद. झोपली की उशीखाली. खिसा कुठे देऊ? बाही किती ठेवू? साला, मी चेपलेल्या गाडीकडे बघून ड्रायव्हरने ब्रेक कुठल्या पायाने मारला ते सांगतो, आणि हे मला येत नाही."

"मग लॅबमध्ये जाऊन बघ."

"असं कसं जाऊ?"

"रक्त काढायला. माझी साखर बघायचीच आहे. चल."

एप्रिलमधल्या एका सकाळी आम्ही दोघं उपाशीपोटी घाटकोपरला गेलो. टोकन घेतलं. नेमका तिचाच नंबर आला. तिने आम्हाला बघितलं, भुवई वर केली, पण लॅबची शिस्त सोडली नाही.

"नाव?"

"देवव्रत."

"वय?"

"एक्केचाळीस."

"उपाशी आहात?"

"हो. डबा पण मिळालेला नाही."

"डबा फ्रीजवर आहे. मूठ आवळा. कोणी पाठवलंय?"

"मार्तंडकाकांनी."

"डॉक्टर विचारतेय मी."

तिने सुई घातली, काढली, कापूस ठेवला आणि आपल्या अंगठ्याने दाबून धरला. लॅबमध्ये बाकीचे लोक पेशंटलाच म्हणतात, दाबून धरा. उत्तरा स्वतः धरते, मनात काहीतरी मोजत. मग माझं रक्त काढलं. माझं रक्त बाटलीत पडताना थोडी वाफ आली, पण ते तिने नोंदीत लिहिलं नाही.

आम्ही पट्टी लावून समोरच्या बाकावर बसून राहिलो. साडेदहाच्या सुमारास गर्दी ओसरली. उत्तराच्या समोरची खुर्ची रिकामी झाली. ती दाराकडे बघत बसली, आणि तिचा डावा अंगठा आपोआप तिच्याच उजव्या कोपराच्या खळग्यात गेला आणि दाबून बसला. साठ-सत्तर लोकांना दिवसभर जिथे धरायचं, तिथेच तिने स्वतःला धरलं होतं.

बाकावरून उठताना देवव्रतने माझा पट्टी लावलेलाच हात धरला, आणि तो मला दुखला.

स्वेटर मेच्या दुसऱ्या आठवड्यात पुरा झाला. रविवारी सकाळी सात वाजता पारा एकोणतीसवर होता. हवा अशी, की तिवरांच्या पानांनाही घाम आलेला. देवव्रतने गच्चीवर जाऊन थर्मामीटर बघितलाच नाही. त्याने मैदानात खुर्ची मांडली, ट्रायपॉड लावला आणि घडी केलेला स्वेटर खुर्चीवर ठेवला. रंग गडद वांगी. गळा एका बाजूला कललेला. मी पत्रा धरला. प्रेमा आणि कुंडलिक पायरीवर बसले. तिथे बसायला कोणी सांगितलं नव्हतं.

उत्तरा आली. तिने स्वेटर उचलला, उलटून शिवण बघितली आणि तो अंगात घातला. डाव्या बाहीतून तिचा हात बाहेर यायला जरा वेळ लागला. मग ती बसली.

"मेली उकडान मरतली," प्रेमा पायरीवरून म्हणाली.

देवव्रतने डोळा कॅमेऱ्याला लावला. हात इथे ठेव, तिथे ठेव, असलं काही तो म्हणाला नाही. उत्तराच्या कपाळावर घाम आला. तिने समोर बघितलं. एक मिनिट गेलं असेल. मी न हलता उभा राहायचा माणूस, पण त्या मिनिटात पत्रा माझ्या हातात थोडा हलला असावा.

मग तिचा डावा अंगठा उजव्या कोपराशी गेला. तिथे, खळग्यात, देवव्रतने चार बोटं रुंदीची दुहेरी जाड विणकामाची पट्टी घातली होती. अंगठा तिच्यावर बसला आणि दाबला गेला. उत्तराने खाली बघितलं. मग मान वर करून देवव्रतकडे बघितलं.

एकच खट्ट झालं.

"इथे जाड का आहे?" तिने विचारलं.

"असंच."

"असंच नाही."

"तू तिथे धरतेस. लॅबमध्ये. समोर कोणी नसलं की."

"मी?"

"तू. आत्ता पण धरलंयस."

तिने अंगठा काढला, जागेकडे बघितलं आणि परत तिथेच ठेवला. बराच वेळ ठेवला. कपाळावरचा घाम भुवईत उतरला तरी पुसला नाही.

"गळा वाकडा आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"डावी बाही तीन बोटं लांब आहे."

"उसवू?"

"हात लावू नकोस." ती उठली. स्वेटर काढला नाही. बाही कोपरापर्यंत सरकवत जिन्याकडे चालायला लागली, दोन पावलांवर थांबली आणि माझ्याकडे वळली. "काका, नंदकिशोर सर घरी आहेत का बघा जरा. असतील तर खाली बोलवा. बोलवायचं काही कारण सांगू नका, नुसतं गप्पा मारायला या म्हणावं. त्यांचा उजवा हात मला एकदा नीट बघायचाय."

मी पत्रा कुंडलिकच्या मांडीवर ठेवला आणि सरांकडे गेलो. सर बनियनवर होते, पेपर वाचत होते. मी म्हटलं, सर, खाली मैदानात एक निवटी आलीये, चार फूट लांब, चला बघायला. ते लगेच आले.